बुडबुड्याला स्वतःचा रंग नसतो: साबणाचे फुगे, फोटो, छाप आणि खेळणी (बडोदेकरांसाठी पावसाळी धागा)

ग्रॅनाइटओटा

बडोद्यात फुग्यांचा हंगाम आषाढापासून. मे महिन्यातल्या चाळीशीपार कोरड्या हवेत पडद्यातलं पाणी इतक्या झपाट्याने उडतं की फुगा नळीवरून सुटायच्या आधीच फुटतो. उत्तरायणाला वारा असतो, तो पतंगांना लाभतो, फुग्यांना नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवा दमट आणि आकाश ढगाळ, म्हणजे अख्खं आभाळ एक मोठा सॉफ्टबॉक्स (फोटोवाल्यांची मऊ, पसरट उजेड देणारी पेटी). म्हणून धागा आत्ता काढतोय.

फोटो फसतात ते बहुधा एकाच गैरसमजामुळे. लोक फुग्यावर उजेड टाकायला जातात. तो आरपार निघून जातो. फुगा हा गोल आरसा आहे, आणि तोही कंजूष: पडेल त्या उजेडातला सरासरी चार टक्के परत करतो, रंग सगळ्यात भडक असतो तिथे फार तर आठ. तेव्हा फुग्याला दिसेल असं काहीतरी पांढरं आणि मोठं समोर हवं, आणि कॅमेऱ्याला फुग्यामागे काळोख दिसायला हवा. बाकी सगळं यातूनच निघतं.

काळोख आपल्या स्वयंपाकघरात आयता असतो: काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. तेलकटपणा जाईपर्यंत धुवा.

द्रावण: फिल्टरचं पाणी ३०० मिली, भांड्यांचं पारदर्शक लिक्विड ३० मिली, ग्लिसरीन ६० मिली. दुधाळ, मोत्यासारखी झाक असलेलं लिक्विड नको, पडद्यात ठिपके दिसतात. चमच्याने हळू ढवळा, रवी लावू नका. दोन-तीन तास ठेवून वरचा फेस काढून टाका. ओट्याचा वीतभर भाग याच द्रावणाने ओला करा, नळी बुडवा, ओट्याला टेकवून फुंका. अर्धगोल घुमट बसतो. १० ते १२ सेंमी व्यास पुरे. हवेत उडणाऱ्या फुग्यामागे धावण्यापेक्षा हा शहाणपणाचा, कारण हलत नाही.

उजेड: ६० × ९० सेंमीच्या चौकटीला ट्रेसिंग पेपर ताणून लावा, मागे एलईडी पॅनल किंवा फ्लॅश. चौकट घुमटाच्या पलीकडे, किंचित पुढे झुकलेली, ३०-४० सेंमीवर. कॅमेरा अलीकडून. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, एफ ८ ते एफ ११, १/२००, आयएसओ ४०० ते ८००. फोकस हाताने, आणि तो रंगांच्या पट्ट्यांवर. चौकटीच्या प्रतिबिंबावर फोकस केलात तर रंग धूसर येतील, कारण ते प्रतिबिंब बहिर्गोल आरशातल्यासारखं पडद्याच्या मागे पडतं, रंग मात्र पडद्यावरच असतात.

सीपीएल फिल्टर (चकाकी कापणारा पोलरायझर) चढवलेला असेल तर काढा. साधारण ५३ अंशांच्या कोनात तो फुग्याचं प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. मग आपण द्रावणाला शिव्या घालत बसतो.

कधी क्लिक करायचं? सुरुवातीला पडदा जाड असतो, तेव्हा फिके गुलाबी-हिरवे पट्टे. पाणी खाली ओघळत जातं तसा वरचा भाग पातळ होतो आणि जांभळा, निळा, सोनेरी असे दाट रंग येतात. खरे फोटो इथे. नंतर माथ्यावर रुपेरी पांढरं, आणि शेवटी काळी टोपी. तिथे पडदा एका मिलिमीटरच्या तीस हजाराव्या भागाहून पातळ झालेला असतो. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून काळं. टोपी दिसली की घाई करा.

मांडवीकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन शंका. आमच्याकडे सोसायटीचं बोअर आहे, ते चालेल का? आणि डीएसएलआर नाही, फोनवर काय करायचं?

विश्वामित्रीकाठ

बोअरचं पाणी नको. जड पाण्यातल्या कॅल्शियमचा आंघोळीच्या साबणाशी चोथा होतो. भांड्यांच्या लिक्विडचा तितका होत नाही, पण पडदा लवकर फाटतो. आरओचं घ्या. घरातल्या घरात तुलना करायची तर दोन्ही पाण्यांत एकच माप टाकून प्रत्येकी पाच घुमट करा आणि सेकंद मोजा. एकेका फुग्यावरून निष्कर्ष काढू नका, फुगे लहरी असतात.

फोनच्या मॅक्रो मोडच्या वाटेला जाऊ नका. तो बहुतेक फोनांत वाइड लेन्सवर चालतो, दोन बोटांवर जावं लागतं, आणि मग फुग्यात फोन आणि तुमचं नाक दिसतं. २एक्स किंवा ३एक्स लेन्स लावून हातभर लांब थांबा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड एक स्टॉप खाली ओढा. आपोआप सोडलं तर फोन काळी पार्श्वभूमी पाहून सगळं उजळतो आणि रंग धुवून निघतात. स्वस्त एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे आले तर तो फुग्याचा दोष नाही, दिवा लुकलुकतोय. खिडकीचा उजेड घ्या.

नाडीवाला

ओट्यावरचे घुमट ठीक आहेत, पण पोरांना लागतात ते माणसाएवढे फुगे. त्याला ग्लिसरीनवालं द्रावण उपयोगाचं नाही. मोठ्या फुग्याला लांबच लांब रेणू लागतात, पडदा ताणला तरी फाटू न देणारे. आपल्याकडे ते गवारीतून मिळतात: गवार गम. आइस्क्रीम-बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे पावडर मिळते.

एक लिटर कोमट आरओ पाणी, गवार गम दीड ग्रॅम (अर्धा छोटा चमचा, सपाट), भांड्यांचं लिक्विड ५० मिली, बेकिंग पावडर ३ ग्रॅम. सोडा नाही, पावडर. गवार गम थेट पाण्यात टाकलात तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. आधी १५ मिली ग्लिसरीनमध्ये खलून पातळ लेप करा, मग धार सोडत ढवळा. दहा मिनिटं ढवळत राहा, थोडं दाट झालं की लिक्विड अगदी शेवटी आणि हलक्या हाताने. तासभर मुरू द्या. बोट बुडवून काढल्यावर बुळबुळीत वाटलं पाहिजे, तार मात्र सुटू नये. तार सुटली तर गम जास्त झाला, पाणी वाढवा.

कांडी: ९० सेंमीच्या दोन बांबूच्या काठ्या. टोकांना दोरी बांधायची, वरची ६० सेंमी, खालची १२० सेंमी, खालचीच्या मध्यावर एक लोखंडी वायसर. दोरी सुती हवी, पाणी पिणारी. सगळ्यात सोपी म्हणजे लेंग्याची विणलेली सुती नाडी. नवी असेल तर उकळत्या पाण्यात घालून खळ काढा, नाहीतर ती द्रावण धरत नाही. नायलॉन बाद. उरलेला मांजा तर अजिबात वापरू नका, काचेने पडदा कापतो आणि पोरांची बोटंही.

काठ्या जोडून बुडवा, वर काढा, हळू उघडा, वाऱ्याकडे पाठ करून दोन पावलं मागे चाला, मग काठ्या पुन्हा जोडून फुगा बंद करा. न जोडता झटका दिला तर फुटतो. कमाटीबागेत सकाळी सातच्या आत जा, नंतर वारा सुटतो. फोटोसाठी मागे दाट झाडी, समोर उघडं आकाश. फुग्याच्या वरच्या अर्ध्यात आकाश सुलट दिसेल, खालच्या अर्ध्यात उलटं. हे फोटोशॉप नाही: पुढचा पडदा बहिर्गोल आरसा, मागचा अंतर्गोल.

द्रावण दोन दिवसांत सडतं, गवारीवर जंतू पोसतात. फ्रिजमध्ये आठवडाभर चालेल, पण बाटलीवर मोठ्ठं लिहून ठेवा.

गच्चीवरून

आम्ही लहानपणापासून साखर घालतो. ग्लिसरीन कशाला विकत आणायचं?

नाडीवाला

साखरेनेही पाणी धरून राहतं, खोटं नाही. लिटरला दोन चमचे पुरतात. पण जिथे फुगा फुटेल तिथे चिकट डाग आणि अर्ध्या तासात मुंग्यांची वरात. गच्चीत चालेल, ओट्यावर नको.

कुंचला

चित्रकारांच्या बाजूने थोडं. बुडबुडा रंगवताना विद्यार्थी हमखास इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने काढतात, आणि फुगा प्लॅस्टिकचा दिसतो. फुग्यातले रंग वजाबाकीचे आहेत. पांढऱ्या उजेडातून एखादा रंग खोडला जातो आणि उरलेलं दिसतं. म्हणून शुद्ध तांबडा जवळपास नसतोच. किरमिजी, हिरवट निळा, सोनेरी पिवळा, फिका गुलाबी. वरून खाली क्रम लावायचा तर: काळा, रुपेरी, पिवळसर, किरमिजी-जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, पुन्हा किरमिजी, आणि मग खालपर्यंत गुलाबी-हिरव्याचे फिकट होत जाणारे फेर. तळाशी रंग विरतात, कारण तिथे पडदा जाड.

दुसरी चूक: पूर्ण वर्तुळाला सारखी जाड बाह्यरेषा. कडेला आपण पडद्याकडे तिरपं पाहतो, तिरप्या कोनात प्रतिबिंब जास्त, म्हणून कड उजळ आणि मध्य जवळपास रिकामा. मधे पार्श्वभूमीचाच रंग ठेवा, हात आखडता घ्या. जलरंगात हे उत्तम साधतं: कागद ओला, कडेने किरमिजी आणि निळा सोडायचा, मध्ये ब्रश लावायचाच नाही. वर डावीकडे खिडकी सुलट आणि वक्र, खाली उजवीकडे तीच उलटी आणि लहान. एवढ्या दोन खुणांनी गोलाई येते.

सतराव्या शतकातल्या डच चित्रांत फुगा म्हणजे आयुष्याची क्षणभंगुरता, आपल्या पाण्यावरच्या बुडबुड्यासारखीच. फ्रेंच चित्रकार शार्दांने १७३०च्या दशकात फुगा फुंकणारा मुलगा रंगवला. त्याच्या फुग्याकडे नीट पाहा: नळीच्या टोकाला लोंबणारा, वजनाने किंचित ओघळलेला. कंपासने काढलेला नाही, म्हणून तो ओला वाटतो. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६७ मध्ये हाच विषय घेतला. आणि १८८६ मध्ये इंग्रज चित्रकार मिलेने आपल्या नातवाला बसवून फुग्यांचं चित्र काढलं, ते पेअर्स साबणवाल्यांनी विकत घेऊन जाहिरातीत वापरलं, खाली साबणाची वडी रंगवून. क्षणभंगुरतेच्या चित्राखाली विक्रीची वस्तू, हा विनोद कुणी मुद्दाम केला नसावा.

अवांतरकाका

अवांतर: बबल रॅपही मुळात सजावटीसाठीच होतं. १९५७ मध्ये दोघांनी दोन प्लॅस्टिकचे पडदे चिकटवून उठावदार वॉलपेपर करायचा प्रयत्न केला. भिंतीवर चाललं नाही, खोक्यात चाललं. छापायलाही मस्त: बुडबुड्यांच्या बाजूवर रोलरने पोस्टर कलर पातळ लावा, कागद ठेवा, तळव्याने दाबा. मधमाश्यांचं पोळं मिळतं. ब्रशने लावाल तर रंग फटींत साचतो आणि नुसता डाग येतो.

तारकाम

डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी फुगे फुंकू नयेत, चौकटी बुडवाव्यात. दीड मिलिमीटरची तांब्याची तार, सहा सेंमी बाजूचा घन, कोपरे डाग देऊन जोडलेले, वर धरायला शेपूट. द्रावणात पूर्ण बुडवून सावकाश काढा. घनाच्या सहा बाजूंवर पडदे येतील असं वाटतं. येतात ते आत, तेरा: बारा कडांपासून आत गेलेले बारा आणि मधोमध एक छोटा चौकोन. चतुष्फलकाला सहा, सगळे एका बिंदूत मिळणारे. नियम ठरलेला: तीन पडदे एका कडेवर १२० अंशांनी, चार कडा एका बिंदूत सुमारे १०९.५ अंशांनी. बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ प्लातोने १८७३ मध्ये हे मांडलं, गणितज्ञ जीन टेलरने १९७६ मध्ये सिद्ध केलं. साबणाला आळस असतो, कमीत कमी क्षेत्रफळात भागवतो.

हा आळस कामाला लावला तो जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओट्टोने. तंबूसारख्या छपरांचे आकार तो साबणाच्या पडद्यांवरून शोधायचा. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक स्टेडियमवरचं छप्पर त्याच विचारातून आलेलं. २००८च्या बीजिंगमधल्या पोहण्याच्या इमारतीच्या भिंती तर फेसाच्याच भूमितीवर: वेअर आणि फेलन यांची १९९३ची रचना, तिरकी कापलेली.

घरी करण्यासारखे दोन प्रयोग. एक: १० सेंमी व्यासाची दोन कडी एकत्र बुडवून हळू लांब न्या. मधे डमरूसारखा कमरेत बारीक पडदा येतो (आधी कड्यांच्या मधला सपाट पडदा कोरड्या टाचणीने फोडा). अंतर ६.६ सेंमीच्या पुढे गेलं की तो तुटून प्रत्येक कड्यात सपाट बसतो. कितीही चांगलं द्रावण करा, यापुढे तो आकार शक्यच नाही. दोन: ३ मिमी जाड पारदर्शक अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या, मधे दीड सेंमीचे चार खांब, चौकोनाच्या कोपऱ्यांवर. बुडवून काढा. चार गावांना जोडणारा सगळ्यात कमी लांबीचा रस्ता पडदाच आखून देतो. कधीकधी चुकीचा आखतो, म्हणजे जवळपासच्या थोड्या लांब तोडग्यात अडकतो. फुंकर मारली की सुधारतो.

अॅक्रिलिकवरचा संरक्षक कागद दोन्ही बाजूंनी काढा. हे सांगावं लागतं.

पोस्टरकलर

लहान मुलांच्या कार्यशाळेसाठी बुडबुड्यांची छाप. पसरट वाटीत पोस्टर कलर २ चमचे, लिक्विड १ चमचा, पाणी ३ चमचे. नळीने फुंकून फेस वाटीच्या काठावर येऊ द्या, नळी काढा, कागद सरळ वरून टेकवा आणि सरळ वर उचला. सरकवला की सगळं पुसलं. कागद कार्ट्रिज, २०० जीएसएमच्या आसपास. गुळगुळीत आर्ट पेपरवर बुडबुडा घसरतो, वहीचा कागद गोळा होतो. छाप फिकी आली तर रंग वाढवा, बुडबुडे होतच नसतील तर लिक्विड. दोन्ही एकदम वाढवू नका, मग कशाने सुधारलं कळत नाही. खाण्याचा रंग वापरू नये, उन्हात उडतो आणि बोटांवर मात्र आठवडाभर राहतो.

नळीला मधोमध टाचणीने एक भोक पाडा. मुलाने चुकून ओढलं तरी रंग तोंडात येत नाही, फुंकणं मात्र होतं.

दुसरं, फोटोसाठी: पाण्यावरचे तेलाचे थेंब. काचेचा पसरट बोल दोन उंच स्टीलच्या डब्यांवर ठेवा, तळापासून खाली २० सेंमी मोकळं. खाली उत्तरायणाचे उरलेले पतंगाचे कागद किंवा बांधणीची ओढणी पसरा आणि उजेड फक्त तिच्यावर टाका, बोलवर नाही. पाणी दोन-अडीच सेंमी, त्यात तेल अर्धा चमचा, मग लिक्विडचा एकच थेंब. सिंगतेलाला (शेंगदाण्याच्या तेलाला) पिवळट झाक असते, निळ्या कागदावर हिरवट दिसेल. बेबी ऑइल रंगहीन. खोबरेल आत्ता चालेल, हिवाळ्यात थिजतं. कॅमेरा बरोबर वरून, लेन्स पाण्याला समांतर, नाहीतर एकाच बाजूचे थेंब फोकसमध्ये येतात.

मांडवीकर

फुटतानाचा फोटो कसा काढतात? बर्स्ट मोडमध्ये एकात फुगा असतो, पुढच्यात नसतो.

ग्रॅनाइटओटा

असंच होणार. अर्ध्या मायक्रॉनचा पडदा सेकंदाला दहा मीटर वेगाने मागे गुंडाळला जातो. दहा सेंमीचा फुगा सोळा मिलिसेकंदांत संपतो. १/४००० चं शटर लावलं तरी कड अडीच मिलिमीटर सरकते. शटरने हे थांबत नाही, फ्लॅशने थांबतं: १/६४ पॉवरवर साधा फ्लॅश साधारण १/२०००० सेकंद पेटतो, तेवढ्यात कड अर्धा मिलिमीटरच हलते.

खोली अंधारी, शटर एक सेकंद उघडं. टाचणी बुचात खोचून फुग्याच्या माथ्यापासून २० सेंमी वरून, पेनाच्या रिकाम्या नळीतून सोडा. माथ्याच्या दोन सेंमी वर लेझरचा किरण आडवा ठेवा, समोर फोटोडायोड (उजेड ओळखणारा सेन्सर) आणि आर्डुइनो (फ्लॅश पेटवणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड). टाचणी तिथे सेकंदाला दोन मीटर वेगाने येते, किरण तोडल्यापासून दहा मिलिसेकंदांनी फुग्याला लागते. फ्लॅशला १३ ते १८ मिलिसेकंदांचा विलंब द्या आणि एकेकाने बदलत जा. टाचणी कोरडीच हवी, ओली असेल तर फुग्यात शिरून आरामात बाहेर येते आणि काही फुटत नाही. फ्लॅश ट्रेसिंग पेपरमागेच ठेवा, एक कमी पडेल, दोन लावा, आयएसओ १६००.

लेन्सवर फिल्टर लावा. थेंब उडतात, आणि ग्लिसरीन कोरड्या कापडाने फक्त पसरतं.

विश्वामित्रीकाठ

बर्फाळ देशांतले गोठलेले फुगे पाहून कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून आधीच. काचेच्या झाकणाच्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ वर, जमतं. द्रावणात ग्लिसरीन नको, ते गोठू देत नाही. स्टीलची ताटली तासभर आत ठेवून थंड करा, तिच्यावर चार-पाच सेंमीचा घुमट फुंका, झाकण लावा. चहूकडून थंडी असली की पडद्यावर बर्फाचे कण सुटे होऊन तरंगतात. तीच थंड ताटली बाहेर ओट्यावर ठेवून फुंकलात तर बर्फ खालून चढतो आणि मध्येच थांबतो. दोन वेगळे फोटो, दोन्ही छान. पण हे श्रावणात नको: झाकण उघडताच दमट हवेचं धुकं आत शिरतं. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी करा.

कुंचला

खेळण्यांचा विषय निघालाय तर: इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या मेळ्यांसाठी चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी खेळणी केली होती, साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंची. फुग्याची कांडी त्याच जातीची वस्तू आहे. विकतची प्लॅस्टिकची कडी गुळगुळीत असते, द्रावण धरत नाही. तारेचं कडं करून त्याला सुती दोरा गुंडाळा, एका बुडवणीत कितीतरी जास्त फुगे निघतात. कडं चौकोनी करा, मोराच्या आकाराचं करा, फुगा गोलच निघतो. मुलांना हे आधी सांगू नका, पैज लावू द्या.

मांडवीकर

शेवटचं. रविवारी वीस मुलं आहेत, फरशी गुळगुळीत कोट्याची. द्रावण किती लागेल, आणि घसरण्याचं काय?

नाडीवाला

वीस जणांना तासाभरासाठी पाच लिटर करा, अर्धं जमिनीवरच जातं. पसरट टबात ओता, बादलीत नको. फेस साचला की झाऱ्याने काढा, फेसातून काढलेल्या दोरीवर मोठा फुगा बनत नाही. कोट्यावर तर अजिबात करू नका, गवार गम ओल्या फरशीवर शेवाळासारखा. गवतावर किंवा मातीवर न्या. टब ठेवाल तिथे जुनी गोणपाटं अंथरा, मुलं अनवाणी. डोळ्यांत गेलं तर साध्या पाण्याने धुवायचं, त्यासाठी एक वेगळी भरलेली बादली आणि तांब्या, द्रावणाच्या टबापासून लांब.